शेषरावांचा बिनकाठीचा चढ

उमरवाडीत पोळ्याच्या दिवशी बैलापुढं काठी चालत नाही. पराणी नाही, चाबूक नाही, म्हाताऱ्याच्या हातातली टेकायची काठीसुद्धा नाही. वर्षभर ज्याच्या पाठीवर ती बसते त्याला एक दिवस ती दिसूही नये, असा गावाचा दंडक. डोंगरकडा गावाहून कच्च्या वाटेनं आत वळलं की ही वाडी लागते. घरं खाली, मारुती वर टेकाडावर. टेकाडाला बैलही चढतील असे रुंद दगडी टप्पे आहेत. मानाची जोडी वेशीतल्या तोरणाखालून पहिली निघते. मानकरी कासरा धरून अनवाणी पुढं चालतो, टप्पे चढतो, मारुतीला फेरा घालतो आणि जोडी घेऊन खाली येतो. त्याशिवाय पोळा फुटत नाही, आणि बाकीच्या जोड्या जागच्या हलत नाहीत.

हा मान शेषरावांच्या घराचा. आजा चालला, बाप चालला, बापामागं शेषराव चालले. दुष्काळाच्या वर्षी, म्हणजे बहात्तर सालीही चालले. तेव्हा निम्म्या गावानं बैल विकले होते. शेषरावांनी आपली लाल कंधारी जोडी, नवाब आणि वजीर, विकली नाही. त्या हिवाळ्यात लांबून कडबा आणताना ओढ्याच्या उतारावर चाकाची खीळ निघाली, गाडी कलंडली आणि शेषरावांचा उजवा पाय चाक आणि दगड यांच्यामध्ये सापडला. नांदेडच्या दवाखान्यात तो गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी बायकोला पहिली गोष्ट विचारली ती बैलांची.

"बैल बराबर हायेत," सखुबाई म्हणाली. "तुमचं बघा आता."

शेषरावांना दोन मुली, दोन्ही दिलेल्या. मुलगा नाही. त्यामुळं मानाचा प्रश्न लगेच निघाला, आणि तो चुलतभाऊ भिवाजीनं काढला. भिवाजी काही वाईट माणूस नव्हता. शेषराव दवाखान्यात असताना त्यांच्या बैलांना वैरण त्यानंच टाकली. पण वेशीतल्या पारावर गाव जमलं तेव्हा तो म्हणाला, "दादाला तकलीफ काहून द्यायची? मान मी सांभाळतो."

मान सांभाळायला घेतलेला परत येत नाही, हे पारावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एकदा दुसऱ्याची जोडी पुढं झाली की पुढच्या वर्षीही तीच पुढं होते. गावातला वयानं सगळ्यांत मोठा माणूस ग्यानबा. त्यानं तंबाखू थुंकून निकाल दिला.

"पोळ्यापस्तोर थांबा. शेषराव काठीबिगर चढला तर मान त्याचा. न्हाई चढला तर भिवाजीचा. मग कोणी कोणाला बोलायचं न्हाई."

शेषराव कुबड्यांवर उभे होते. ते म्हणाले, "व्हय. बराबर हाय."

त्यांची धाकटी बहीण शालूबाई मुंबईला खेरवाडीत राहत होती. तिचा नवरा नरसिंग एका कारखान्यात कामाला होता. त्यानं खटपट करून एका दवाखान्यात लाकडी पायाची सोय केली. शेषराव उन्हाळा सरता सरता मुंबईला गेले, आणि माप, साचा, पुन्हा माप, पुन्हा साचा असं करत श्रावण लागता लागता त्यांना पाय मिळाला. मांडीला चामड्याचा पट्टा, कापलेल्या पायाचा खुंट बसायला लाकडी वाटी, आणि खाली न वळणारं रबराचं पाऊल. बोटं नावाला कोरलेली.

पाय करणाऱ्या मिस्त्रीनं दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, निदान दिवाळीपर्यंत काठी सोडायची नाही. दुसरी, बुटाशिवाय चालायचं नाही. हे पाऊल बुटाच्या टाचेच्या उंचीला घडवलं आहे. बूट काढला की टाच खाली जाते, नडगी मागं झुकते आणि माणूस पाठीवर पडतो.

शेषरावांनी दोन्ही वेळा मान हलवली. पोळा अनवाणी असतो आणि पोळा बिनकाठीचा असतो, हे त्यांनी मिस्त्रीला सांगितलं नाही. बहिणीलाही नाही.

पंधरा ऑगस्टला मुंबईला सुट्टी होती. दवाखान्यातली चालण्याची तालीम बंद, नरसिंगचा कारखाना बंद. आदल्या संध्याकाळी शालूबाई म्हणाली, "दादा, उद्या मोत मावलीला जाऊ. बांद्र्याची माउली हाय, किरिस्तावांची. समदे जातेत. तुझा पाय कापला तवा मी बोलले होते, दादा पायावर उभा राहिला की मेणाचा पाय वाहीन."

शेषराव देवाधर्माच्या वाटेला फारसे जाणारे नव्हते. तुळजापूरलाही बायकोनं ओढून नेलं तेव्हाच गेलेले. त्यामुळं ते टाळतील अशीच तिची अटकळ होती. ते म्हणाले, "कुठं हाय?"

"टेकडीवर."

"पायऱ्या हायेत?"

"हायेत की. पण आपल्याला काहून पाहिजेत पायऱ्या? सडक पार दारापस्तोर जाते."

"जाऊ," शेषराव म्हणाले. "पायऱ्यांनी जाऊ."

सकाळी बसनं ते टेकडीच्या समुद्राकडच्या बाजूला उतरले. पाऊस पहाटे पडून गेला होता. चौकाचौकांत झेंडे लागले होते. समुद्र शेषरावांनी पहिल्यांदाच पाहिला. थोडा वेळ पाहून ते म्हणाले, "लई पाणी हाय," आणि वळून पायऱ्या पाहू लागले. त्या त्यांनी समुद्रापेक्षा जास्त वेळ पाहिल्या. दगडी, रुंद, पावसानं काळ्या पडलेल्या, कडेला शेवाळ. उमरवाडीच्या टेकाडापेक्षा चढ पुष्कळ जास्त. चढणारांची रीघ होती. सुट्टीचा दिवस, त्यात त्या लोकांचा माउलीचाच मोठा सण, म्हणून नवे कपडे घातलेली कुटुंबंच्या कुटुंबं वर निघाली होती.

नरसिंगला हे पटत नव्हतं. "पाव्हणं, टॅक्सी करू. वर सोडती. दर्शन घेऊ, खाली येऊ. पायऱ्यांवर पडलात तर दुसरा पाय घ्यायला पुन्हा माझ्याच घरी राहावं लागंल."

"तुमाला माझा कंटाळा आला का दाजी?"

"कंटाळा न्हाई. पण तुमी किती खाऊन राहिले ते बघा की."

शेषराव हसले. मग कठड्यावर टेकले आणि बुटाची नाडी सोडू लागले.

"हे काय करून राहिला?" शालूबाई म्हणाली.

"देवाच्या पायऱ्या हायेत ना?"

"मिस्त्री काय म्हणला होता?"

"मिस्त्री म्हणला होता."

त्यांनी बूट काढून नरसिंगच्या हातात दिला, डाव्या पायातली वहाण दिली, आणि मग काठी बहिणीच्या हातात दिली. आजूबाजूचे लोक बूट-चपला घालूनच चढत होते. बायकांच्या पायात उंच टाचा होत्या. त्या रिघेत अनवाणी हा एकच माणूस, आणि त्याच्या दोन पावलांतलं एक रबराचं. एका लहान मुलीनं आईचा हात ओढून ते दाखवलं. आईनं तिला दुसरीकडं वळवलं.

शेषराव उभे राहिले तेव्हा मिस्त्रीचं म्हणणं खरं असल्याचं त्यांना लगेच कळलं. लाकडी नडगी मागं कलली, गुडघा मागं ढकलला गेला आणि अंग पाठीकडं जाऊ लागलं. त्यांनी छाती पुढं टाकून तोल धरला. डावा पाय वर, मग उजवा त्याच्या जोडीला. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. चार-सहा पायऱ्या अशा गेल्या. पुढच्या पायरीवर शेवाळ होतं. रबराचं पाऊल निसटलं आणि ते गुडघ्यावर आले.

शालूबाई ओरडली. दोन-तीन माणसं धावली. एका पँटवाल्या माणसानं त्यांच्या काखेत हात घातला. "उठो, बाबा, उठो."

"हात लावू नका," शेषराव म्हणाले. माणसाला मराठी कळली असेल-नसेल, आवाज कळला. त्यानं हात काढला.

"दादा, बस झालं आता," शालूबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाजात रागच जास्त होता. "काहून असा जिवावर उठला? माउली काय म्हणती का, अनवाणीच ये म्हणून? लोकं बूट घालून चालले तर तू काहून न्हाई?"

शेषराव गुडघ्यावरच होते. खाली बघत म्हणाले, "पोळ्याला काठी चालत न्हाई, शालू."

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ती त्याच वाडीत वाढली होती. तोरण, टप्पे आणि मारुतीचा फेरा तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"भिवाजी?" तिनं विचारलं.

"ग्यानबानं निकाल दिला हाय. चढलो तर माझा, न्हाई तर त्याचा."

शालूबाईनं पदरानं तोंड पुसलं. तेवढ्यात पँटवाला पुन्हा पुढं झाला, तशी ती त्याच्यावर कडाडली, "सोडा त्याला! उठतो तो. त्याला उठता येतं."

नरसिंग म्हणाला, "पण बैल तर शेजारीच राहतो ना? वशिंडावर हात टाकायचा. त्याला कोण काठी म्हणंल?"

"भिवाजी म्हणंल," शेषराव आणि शालूबाई एकदमच म्हणाले.

शेषरावांनी डाव्या पायावर भार घेतला, दोन्ही हात पायरीवर टेकले आणि उठले. उठल्यावर लगेच चालले नाहीत. खालच्या पायरीकडं, वरच्या पायरीकडं आणि स्वतःच्या लाकडी पायाकडं ते बघत राहिले, जसा माणूस अडलेल्या गाडीकडं बघतो. पाऊल समोर सरळ ठेवलं की नडगी मागं कलते, इतकं कळलं होतं. मग त्यांनी ते सरळ ठेवलंच नाही. बोटं बाहेरच्या अंगाला वळवून पाऊल पायरीवर आडवं टाकलं. ओल्या उतारावरून औताच्या मागं तिरकं चालतात, तसं. भार टाकून पाहिला. नडगी मागं गेली नाही, पाऊल घसरलंही नाही. अख्ख्या पावलानं दगड धरला होता.

"हां," ते म्हणाले.

डावा सरळ, उजवा आडवा. डावा सरळ, उजवा आडवा. चाल बदकासारखी दिसत होती, आणि नरसिंगनं तसं म्हणूनही दाखवलं. शेषरावांना दम लागला होता. वाटीत खुंट घासत होता आणि मांडीचा पट्टा घामानं चिंब झाला होता. मध्ये दोनदा ते थांबले, पण कठड्याला शिवले नाहीत. शालूबाई एक पायरी मागून चालत होती. तिनं काठी पदराखाली धरली होती, जणू वाटेत कुठं बैलच उभा होता.

शेवटच्या पायरीवरून वर सपाटीवर पाय पडला तेव्हा शेषरावांनी मागं वळून पाहिलं. पायऱ्या खाली उतरत गेल्या होत्या आणि त्यांच्याही खाली पाणी चमकत होतं.

"आपल्या टेकाडाच्या दुपटीनं हाय का न्हाई?" त्यांनी विचारलं.

"जास्तीच असंल," शालूबाई म्हणाली.

"मग झालं."

वर चर्चच्या पुढं मेणाच्या वस्तूंची दुकानं होती. मेणाचे हात, पाय, डोळे, तान्ही बाळं, घरं टांगून ठेवलेली. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं, ते त्यानं वाहायचं. दुकानात काठापदराचं लाल लुगडं नेसलेली एक ख्रिस्ती म्हातारी बसली होती. शालूबाईनं पाय मागितला.

"डावा का उजवा?"

"उजवा."

म्हातारीनं शेषरावांच्या पायाकडं पाहिलं. मग वर तोंडाकडं. "याच्यासाठी?"

"मला नको," शेषराव म्हणाले. "माझा हाय तो बरा. उन्हात पातळ होत न्हाई."

म्हातारी खळखळून हसली. तिला तोंडात दात फारसे नव्हते. "अनवाणी आलास वर? इथं कोण काढतो चपला!"

"आमच्याकडं काढतेत. बैल हाय का तुमच्याकडं? मेणाचा?"

"बैल? कोण बैल वाहतं माउलीला?"

"ठेवत जा," शेषराव म्हणाले. "आमच्या मुलखातलं कोणी आलं तर मागंल."

मेणाचा पाय कागदात गुंडाळताना म्हातारीनं सांगितलं की माउलीच्या लाकडी मूर्तीचाही हात लई वर्षांमागं लुटारूंनी तोडला होता, सोनं असेल म्हणून. "तरी उभी आहे ना? तुझा तर पायच गेला."

"हाताचं निराळं," शेषराव म्हणाले. "तिला कुठं चालायचं होतं?"

आत प्रार्थना चालू होती. तिघं मागच्या बाजूला उभे राहिले. बाकी सगळे बुटांत. शेषरावांनी दुरून मूर्ती पाहिली, हात जोडले आणि शालूबाईनं मेणाचा पाय वाहीपर्यंत फरशीवर लाकडी पाऊल कसं बसतं ते बघत राहिले. गुळगुळीत फरशीवर ते आडवं ठेवायची गरज नव्हती. फक्त छाती थोडी पुढं हवी.

बाहेर आल्यावर नरसिंगनं बूट पुढं केला. "आता घाला. मान मिळाला."

"अजून खाली उतरायचं हाय," शेषराव म्हणाले. "मारुतीहून खाली कोण उतरणार, भिवाजी?"

उतरणं चढण्यापेक्षा वाईट निघालं. आडवं पाऊल उतारावर चालेना. अंग पुढं फेकलं जात होतं. पहिल्या दोन पायऱ्यांवर ते बसले, पडले नाहीत. मग त्यांनी आधी लाकडी पाय खाली सोडून पाहिला, आणि सोडताना फक्त टाच पायरीच्या कडेवर ठेवली. बोटं पुढं अधांतरी. तसं केल्यावर पाऊल पुढं झुकायला मोकळं झालं आणि गुडघा मागं ढकलला जायचा थांबला. मागून डावा पाय सावकाश येत होता. खालून चढणारे लोक बाजूला होऊन वाट देत होते. पायथ्याशी पोचले तेव्हा खुंटाचं कातडं सोललं होतं आणि वाटीत रक्त होतं. शेषराव कठड्यावर बसले आणि त्यांनी नरसिंगकडं विडी मागितली.

"मिस्त्रीला काय सांगणार?" शालूबाईनं विचारलं.

"सांगायचं काय त्यात? चामडं शिवून दे म्हणायचं."

मिस्त्री दुसऱ्या दिवशी पुष्कळ बोलला. शेषरावांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी मिस्त्रीला पायरीवर आडवं पाऊल टाकून दाखवलं. मिस्त्रीनं वाकून ते पाऊल पाहिलं. त्यानं वाटीच्या आत जाड चामड्याचा थर बसवून दिला आणि खुंट सुकेपर्यंत चालायची बंदी घातली. ही बंदी मात्र शेषरावांनी पाळली.

पोळ्याच्या दोन दिवस आधी ते नांदेडहून एसटीनं डोंगरकड्याला उतरले. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, ज्वारी गुडघ्याच्या वर गेली होती. सखुबाई बैलगाडी घेऊन आली होती. नवाबनं त्यांचा हात हुंगला. वजीरनं नवा पाय हुंगला आणि फुरफुरला.

पोळ्याच्या दुपारी वेशीत सगळ्या जोड्या उभ्या राहिल्या. झुली, बाशिंगं, घुंगरमाळा. सगळ्यांत पुढं शेषरावांची जोडी, तिच्या मागं भिवाजीची. भिवाजीनं आपली जोडीही मानाच्या जोडीसारखीच सजवली होती, कारण काय होईल ते कोणाला सांगता येत नव्हतं. शेषराव काठी टेकत आले. भिवाजी म्हणाला, "दादा, काठी."

शेषरावांनी काठी सखुबाईच्या हातात दिली. तिनं ती बैलांना दिसणार नाही अशी घरात नेली.

"आन् बूट?" भिवाजी म्हणाला. हे त्यानं शेवटपर्यंत राखून ठेवलं होतं. "मारुतीपुढं बूट चालतो का?" मंडळीत कुजबुज झाली. लाकडी पायाच्या माणसाला बुटाशिवाय उभं राहता येत नाही, असं भिवाजी कुठूनसं ऐकून आला होता.

शेषराव खाली बसले, नाडी सोडली, बूट आणि डावी वहाण काढून वेशीच्या भिंतीशी ठेवली आणि उठून उभे राहिले. छाती पुढं. भिवाजी त्यांच्या पावलाकडं बघत राहिला.

"वाजवा," ग्यानबा वाजंत्र्यांना म्हणाला.

हलगी वाजली. शेषराव कासरा सैल धरून तोरणाखालून निघाले. सपाट रस्त्यावर चाल जवळजवळ सरळ होती. टप्प्यांपाशी त्यांनी उजवं पाऊल आडवं टाकलं आणि चढायला लागले. मागून कोणी तरी "बदक, बदक" म्हणालं, आणि कोणी तरी त्याला गप्प केलं. हलगीच्या आवाजानं नवाब बुजला, कासऱ्याला हिसका बसला. शेषरावांनी कासरा हातातून सरकू दिला आणि तोल ठेवला. सगळं गाव खालून बघत होतं. केशरबाई नावाची शेजारची म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, हा तर दोन पायांच्यापेक्षा बरा चालून राहिला!" त्यावर हशा पिकला, आणि त्या हशात कोणाचीच चेष्टा नव्हती.

वर पोचून त्यांनी मारुतीला फेरा घातला. नारळ फुटला. मग उतार. टाच टप्प्याच्या कडेवर, लाकडी पाय आधी, बैल सावकाश मागं. ते अर्ध्यावर आले तोवर भिवाजीनं खाली थांबायचं सोडून आपली जोडी चढवायला घेतली होती, आणि दोन जोड्या शेजारून जातील इतकी वाट नव्हती.

"दादा, जरा पाय उचल की," भिवाजी खालून ओरडला. "माझे बैल खोळंबून राहिले."

"खोळंबू दे," शेषराव म्हणाले, आणि टाच पुढच्या दगडाच्या कडेवर ठेवली. "मानाच्या मागं आलं की खोळंबावंच लागतंय."